निवळ पाणी

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, काच शाबूत होती, आणि मधल्या फळीवरच्या निळ्या मखमलीत एक रिकामा खळगा होता. खळग्यासमोरची पितळी पाटी मात्र जागच्या जागी होती. तिच्यावर कोरलं होतं : ‘फ्लोराईट. दख्खनच्या खडकात क्वचितच सापडणारा स्फटिक. ओळख पटविणारे : प्रा. रंगनाथ शेवाळे, नगर.’

तो शेवाळे म्हणजे मी. तेहेतीस वर्षं नगरच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. आता सावेडीत राहतो, सकाळी फिरायला जातो आणि कोणी विचारलं नाही तरी मत देतो. ही हकीकत मी स्वतः लिहितो आहे, कारण दुसऱ्या कोणी लिहिली तर तो माझ्या वयाकडे बघून मला सांभाळून घेईल. ते मला नको आहे.

शाळा पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात आहे. तिकडे विहीर खोदायची म्हणजे काळा पाषाण फोडायचा. पाषाणाच्या पोटात मधेच पोकळी लागते आणि तिच्यात गारगोट्या असतात, पांढऱ्या, गुलाबी, एखादी पोपटी. शाळेत रामहरी सर नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. विहिरीला सुरुंग लागला की हे सायकलवर हजर, आणि गारगोट्या मागून आणायचे. प्रत्येकीला ते चिठ्ठी बांधायचे : विहीर कोणाची, किती हातांवर सापडली. सर वारले तेव्हा त्यांच्या खोलीत अशा छत्तीस दगडांचं खोकं निघालं.

चार वर्षांपूर्वी शाळेने त्या दगडांचं दालन केलं आणि उद्घाटनाला मला बोलावलं. पस्तीस दगडांना चिठ्ठ्या होत्या. एकाला नव्हती, आणि नेमका तोच सगळ्यांत देखणा होता. फिका जांभळा, आठ गुळगुळीत बाजूंचा, एका मुठीत न मावणारा. मी तो उचलला, उजेडाकडे धरला आणि माईकवर जाहीर केलं की हे फ्लोराईट आहे, चिठ्ठी गळून पडली असणार. टाळ्या झाल्या. पेपरात फोटो आला. ते कात्रण मी प्लास्टिकमध्ये घालून बैठकीच्या खोलीत लावलं.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी मुख्याध्यापक आबासाहेबांचा फोन आला की तो स्फटिक नाहीसा झाला आहे. पुढच्या आठवड्यात पुण्याहून पाहणीसाठी पथक येणार होतं आणि त्यांना मुख्य तोच दाखवायचा होता. पोलिसांत गेलं तर शाळेचं नाव खराब होईल, तेव्हा तुम्हीच या, तुम्हाला दगडांची पारख आहे तशी माणसांचीही आहे, असं ते म्हणाले. मला ते वाक्य फार आवडलं. मंगळवारी पहिल्या एसटीने निघालो.

२

कपाटाची किल्ली एकच, आणि ती हाताळणारी माणसं तीन. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांच्याच खुर्चीवर बसलो आणि एकेकाला बोलावलं.

आबासाहेबांचं सरळ होतं. शनिवारी दुपारी ते मीटिंगसाठी नगरला गेले, सोमवारी दुपारी परतले. जाताना किल्ली सफाईवाल्या लंकाबाईंच्या हातात दिली आणि सांगितलं की पथक यायच्या आत एकूणएक दगड धुऊन ठेवायचा. चार वर्षांत त्यांच्यावर धूळ आणि कबुतरांची घाण साचली होती. परत आल्यावर कपाटाकडे नजर गेली तर खळगा रिकामा. मीटिंगला त्यांच्या शेजारी बसलेल्या दोघांना मी फोन करून खात्री केली. ते खरं होतं.

प्रयोगशाळेतले सहादेव शुक्रवारपासून रजेवर होते. केडगावला भाचीचा साखरपुडा होता. सोमवारी ते शाळेत आले तेव्हा दगड कपाटात परत लागलेले होते. सगळी शाळा त्यांना मामा म्हणते. बोलणं कमी, तीस वर्षं नोकरी, एक वर्ष उरलेलं. मी नोंदवही मागितली. छत्तिसाव्या नोंदीत त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘जांभळा. कड आठ सेंटिमीटर. वजन चारशे पंचवीस ग्रॅम.’ पुढे लाल शाईत माझं नाव आणि ‘फ्लोराईट’. नाव बरोबर लिहिलं आहे की नाही ते मी पाहिलं, मोबाईलवर पानाचा फोटो घेतला आणि वही मिटली.

जाता जाता सहादेव दारात थांबले. म्हणाले, “सर, त्यो खडाबी पान्यात घातला हुता व्हय?”

मी म्हणालो की चोरीला गेलेली वस्तू धुतलेली होती का न धुतलेली, त्याने काय फरक पडतो. ते निघून गेले. हा प्रश्न मला त्या दिवशी अडाणीपणाचा वाटला.

मग लंकाबाई आल्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगाने काटक, बोलताना थेट बघणाऱ्या. पूर्वी नवरा-बायको मिळून दर साली ऊसतोडीला जायचे. नवरा उसाच्या फडातच वारला. तेव्हापासून त्या शाळेत रोजावर झाडलोट करतात. यंदा त्यांना कायम करायचा कागद तयार होता, आबासाहेबांच्या सहीसाठी थांबला होता. सही झाली की पुन्हा कोयता हातात धरायला नको, एवढं एक त्यांचं मागणं होतं, आणि ते मला आबासाहेबांनी आधीच सांगितलं होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी अंगणातला मोठा काळा टब भरला. पाऊस फसल्यामुळे गावाला टँकर चालू होता आणि शाळेच्या टाकीत त्याचंच गढूळ पाणी होतं. घाण सुटायला दगड भिजले पाहिजेत, म्हणून छत्तीसच्या छत्तीस टबात घातले, वर झाकण ठेवलं आणि रविवारभर तसेच राहू दिले. एकदा मधे येऊन हाताने ढवळले. सोमवारी सकाळी काढून, पुसून कपाटात लावले. जांभळा खडा टबात घालताना त्यांच्या हातात होता हे त्यांना पक्कं आठवत होतं. काढताना तो मिळाला नाही. त्यांना वाटलं, सहादेव मामांनी रजेवरून लवकर येऊन आधीच उचलून ठेवला असेल.

मी विचारलं, टबाच्या तळाशी राहिला नसेल कशावरून?

“पानी निवळ हुतं साहेब. तळ दिसत हुता. वांग्याच्या सालीवानी जरा रंग मारत हुतं, पर निवळशंख. खडा आसता तर दिसला नसता व्हय?”

मी आबासाहेबांकडे बघून हसलो. टँकरचं गढूळ पाणी, त्यात चार वर्षांची घाण बसलेले दगड, हाताने ढवळलेले, आणि पाणी निवळ. वर आणखी वांग्याचा रंग. खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त सांगतो आणि तिथेच सापडतो, असं मी त्यांच्यादेखत आबासाहेबांना समजावून दिलं. त्या पुढे काही सांगत होत्या, की पाणी ओतून द्यायला जीव झाला नाही, त्यानेच व्हरांडा पुसला आणि उरलेलं टबात ठेवलं. मी त्यांना थांबवलं.

“पाण्याचं पुराण पुरे,” मी म्हणालो. “खडा कुठं ठेवलास ते सांग.”

तोपर्यंत मी त्यांना अहो-जाहो करत होतो. ‘ठेवलास’ कधी तोंडातून गेलं ते मला कळलंही नाही, त्यांना मात्र कळलं.

३

त्यांचं घर शाळेच्या मागेच, पत्र्याची एक खोली. झडती घ्यायची कल्पना माझी होती. आबासाहेब जरा कां-कू करत होते, पण मी म्हणालो की निर्दोष असेल तर तिचंच भलं होईल. आम्ही निघालो तशी दहा-पंधरा माणसं मागे आली. शेजारची रतनबाई दारात उभी राहिली. मुकादमही होता, म्हणजे ऊसतोडीच्या टोळीचा प्रमुख. गावातून ट्रक भरायचे दिवस जवळ आले होते आणि तो माणसं जमवत फिरत होता.

खोलीत अंधार म्हणून मी टॉर्च काढला. चूल, दोन पातेली, भिंतीवर नवऱ्याचा फोटो. कोनाड्यात पाण्याचा हंडा आणि शेजारी तुरटीचा खडा होता. त्यावर उजेड टाकला आणि पुढे गेलो. कोपऱ्यात पत्र्याची पेटी होती. त्यांनी उघडायला हात पुढे केला, पण मी आधीच कडी ओढली आणि ती वाकली. आत दोन लुगडी, रेशनकार्ड, आणि तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी जड. बाहेरची माणसं पुढे सरकली. मी गुंडाळी सोडली. आत कोयता होता, तेल लावून ठेवलेला.

स्फटिक नव्हता. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण पंधरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि लोक बघायला लागले की मला काहीतरी म्हणावंच लागतं. मी म्हणालो, “वस्तू बाहेर गेली. आता ही बाई बोलेल तेव्हाच कळेल.”

आबासाहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.  लंकाबाई पेटीचं झाकण लावत होत्या आणि वाकलेल्या कडीमुळे ते लागत नव्हतं.

शाळेत परतल्यावर माझ्या लक्षात आलं की उरलेल्या दगडांवर पांढरट पापुद्रा आला आहे. म्हटलं, हिने धुतलेही धड नाहीत. त्यांतले दोन कागदात गुंडाळून घेतले. पथक यायच्या आत नीट साफ करून पाठवतो असं सांगितलं आणि चारच्या एसटीने परत आलो.

४

शनिवारी सकाळी आबासाहेबांचा फोन आला. सूर मोकळा होता. लंकाबाईने मुकादमाकडे नाव घातलं, रविवारी दहाला ट्रक भरणार, सहा महिने ती इथे नाही, म्हणजे प्रकरण आपोआप मिटलं. मीही बरं झालं म्हणालो. मग ते दोन दगड साफ करायला घेतले.

चहा होईपर्यंत सहज म्हणून एकावर भिंग धरलं. टँकरच्या पाण्याचा क्षार म्हणजे आकार-उकार नसलेला पांढरा लेप, हे मला माहीत होतं. इथे लेप नव्हता. मोहरीहून बारीक दाणे होते, चकाकणारे, आणि प्रत्येक दाण्याला आठ बाजू होत्या. सगळ्यांत मोठ्या दाण्यात जांभळी छटा होती.

मी चहा तसाच ठेवला.

वर्गात पहिल्या तासाला मी मुलांना एकच गोष्ट शिकवायचो. अनोळखी स्फटिक हातात आला की नाव घ्यायचं नाही. आधी ओरखडा काढून बघायचा, मग तोलायचा, कसा फुटतो ते बघायचं, पाणी लावायचं. रंग सगळ्यांत शेवटी, कारण रंग फसवतो. तेहेतीस वर्षं दर जूनमध्ये हे सांगितलं. त्या जांभळ्या खड्यावर मी यांतलं एकही केलं नव्हतं. आता दाण्यावर केलं.

नखाने खरवडला, ओरखडा उठला. फ्लोराईटवर नख काय, तांब्याचं नाणंही चालत नाही. एक दाणा पाण्याच्या थेंबात ठेवला, भिंगाखाली बघत राहिलो. कडा गोल झाल्या, मग तो लहान झाला, मग नाहीसा झाला. फ्लोराईट महिनाभर पाण्यात ठेवा, तसूभर कमी होणार नाही. उरलं चव बघणं. दाणा जिभेवर ठेवला आणि तोंड आवळून आलं. ही चव नगर जिल्ह्यातलं शेंबडं पोरही ओळखेल. लहानपणी दाढी झाल्यावर न्हावी आमच्या आजोबांच्या गालाला लावायचा त्याच खड्याची.

तुरटी होती.

मग मोबाईलमधला नोंदवहीचा फोटो उघडला. आठ सेंटिमीटर कडेचा आठ बाजूंचा स्फटिक म्हणजे सुमारे दोनशे चाळीस घन सेंटिमीटर. फ्लोराईट पाण्याच्या तिप्पट जड, म्हणजे वजन पाऊण किलोच्या वर भरायला हवं. वहीत होतं चारशे पंचवीस ग्रॅम. तुरटीचं बरोबर तेवढंच भरतं. हे गणित अकरावीचं पोर करील. चार वर्षं ते पान माझी वाट बघत होतं, आणि मंगळवारी ते समोर आलं तेव्हा मी स्वतःचं नाव वाचत बसलो.

आणि पाणी. आमच्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात ती कशासाठी? गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. टबात जवळजवळ अर्धा किलो तुरटी विरघळली होती. ते पाणी निवळशंख झालंच असणार. जांभळी छटा आलीच असणार. लंकाबाईंनी पाहिलं ते शब्दाला शब्द सांगितलं होतं. ज्या वाक्यावरून मी त्यांना चोर ठरवलं, तेच त्या खोलीत बोललेलं एकमेव शास्त्रशुद्ध वाक्य होतं.

 भिंतीवरचं कात्रण काढून टेबलावर पालथं ठेवलं. एक प्रश्न राहत होता. विहिरीतल्या पस्तीस दगडांत ही तुरटी आली कुठून?

५

रविवारी सकाळी आठाला मी सहादेवांच्या दारात होतो. ते अंगणात खाटेवर बसले होते. मला बघून उठले नाहीत. म्हणाले, तुमी याल आसं वाटत हुतं.

मी तुरटी एवढाच शब्द उच्चारला. ते चालू लागले, मी मागे. शाळेच्या मागच्या अंगणात काळा टब होता, वर अर्धवट फळकूट ठेवलेलं. त्यांनी फळकूट उचललं. व्हरांडा पुसून उरलेलं थोडं पाणी आठवडाभराच्या उन्हाने आटून गेलं होतं. तळाच्या वाळलेल्या गाळावर हरभऱ्याएवढे, शेंगदाण्याएवढे फिके जांभळे खडे पसरले होते, सगळे आठ बाजूंचे, सगळे चकचकीत. चोरीला गेलेली वस्तू शाळेच्या आवारातून बाहेर गेलीच नव्हती.

त्यांनी सांगितलं. रामहरी सरांनी तो खडा शाळेतच वाढवला होता. पोरांना दाखवायला म्हणून साधी तुरटी आणि थोडी जांभळी क्रोम तुरटी पाण्यात विरघळवली आणि दोऱ्याला एक कण बांधून बरणीत सोडला. दोन हिवाळे तो वाढत राहिला. बरणीचं पाणी बदलायचं काम सहादेवांचं होतं. विहिरीतून आलेलाच नाही, तर त्याला विहिरीची चिठ्ठी कोण बांधणार?

मी विचारलं, मग चार वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?

सहादेवांनी फळकूट भिंतीला टेकवलं. “मी सांगाया आलतो की सर. तुमालाच.”

आणि मला आठवलं. उद्घाटनाचा दिवस. मी माईकवरून खाली उतरलो होतो, गळ्यात हार होता, भोवती माणसं होती. एक शिपाई माझ्या कोपराजवळ येऊन म्हणाला, सर, त्या जांभळ्या खड्याचं जरा सांगायचं हुतं. मी त्याच्याकडे पुरतं बघितलंही नाही. म्हणालो, आधी चहाचं बघा. तो चहा घेऊन आला. मी चहा प्यालो. पुढे पितळी पाटी आली आणि सहादेवांनी नोंदवहीत लाल शाईने माझं नाव लिहिलं, कारण त्यांना तसं सांगण्यात आलं.

दगड रविवारभर पाण्यात होते हे मंगळवारी कळताच त्यांना उलगडा झाला होता. ते दारात थांबले होते ते त्यासाठीच. मी त्यांना दुसऱ्यांदा झटकलं. मग झडतीच्या वेळी ते गर्दीत मागे उभे राहिले आणि बोलले नाहीत. चार वर्षं का लपवलंस म्हणून आपल्यावर येईल, शेवटच्या वर्षी नोकरीवर बालंट येईल, या भीतीने. पण टब ओतून द्यायलाही हात धजला नाही, म्हणून फळकूट टाकून ठेवला.

“चार दिस जेवन ग्वाड लागंना,” ते म्हणाले. “तिच्या दारावरून जायचं टाळलं. लाज वाटती सर.”

त्यांना लाज वाटत होती. मी एक वाटी शोधली आणि टबातले खडे तिच्यात भरले. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

६

ट्रक मारुतीच्या पारासमोर उभा होता. ताडपत्र्या, पातेली, गाडग्या-मडक्यांची बोचकी वर चढत होती. गाव सगळं तिथे होतं. झडतीला होती ती माणसंही होती. लंकाबाई ट्रकच्या मागच्या फाळक्याजवळ उभ्या होत्या. त्यांची पेटी वर चढली होती. कडी तशीच वाकलेली, आता सुतळीने बांधलेली.

माझ्या हातात वाटी होती आणि वाटीत टबातले खडे. येताना मनात बरंच जुळवलं होतं. नजरचूक, परिस्थिती, दुर्दैवाने, असे शब्द. पण तिथे पोचल्यावर मी तसाच उभा राहिलो आणि सरळ सांगितलं. लंकाबाईंनी चोरी केली नाही. चोरी झालीच नाही. चार वर्षांपूर्वी मी तुरटीला फ्लोराईट म्हणालो, एकही परीक्षा न करता, लोक टाळ्या वाजवतील म्हणून. ती पाण्यात विरघळली. यांनी पाणी निवळ होतं म्हणून खरं तेच सांगितलं आणि मी त्यांना खोटं पाडलं. सहादेव मामा मला उद्घाटनाच्याच दिवशी सावध करायला आले होते, मी ऐकलं नाही. दोष माझा आहे.

मग मी थांबलो. सहादेव पुढे झाले. आपल्याला ठाऊक होतं आणि आपण झडतीच्या दिवशी तोंड उघडलं नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. ते मी सांगणार नव्हतो.

 मुकादमाने गाडीला उशीर होतोय एवढं म्हटलं. रतनबाईने वाटीतला एक खडा उचलला, जिभेला लावला आणि तुरटीच हाय म्हणून परत ठेवला. मला त्यासाठी भिंग लागलं होतं.

मी लंकाबाईंना म्हणालो, “मला माफ करा. तुम्ही जाऊ नका.”

त्या म्हणाल्या, “खडा वळखाया चुकलात, त्ये दगडाचं हाय. कुनीबी चुकंल. पर मी पानी निवळ हाय म्हनले, तवा तुमी हसलात साहेब.”

 झडती, ‘ठेवलास’, वाकलेली कडी, या सगळ्याची माफी मागता येईल असं वाटलं होतं. हसण्याची कशी मागायची ते मला ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून उभा राहिलो.

मग त्या म्हणाल्या, “पेटी उतरवा.”

मुकादमाचा माणूस वर चढायला लागला तर त्यांनी त्याला हाताने थांबवलं. “तू न्हवं. ज्यांनी उघडली त्यांनी.”

मी चाकावर पाय ठेवून फाळक्यावर चढलो. सदुसष्ट वर्षांच्या माणसाचं ट्रकवर चढणं बघण्यासारखं असतं, आणि सगळे बघत होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. पेटी ओढत कडेला आणली. खालून सहादेवांनी धरली. एक बाजू त्यांच्या हातात, एक माझ्या, असे आम्ही दोघं पारापासून शाळेच्या मागच्या खोलीपर्यंत गेलो. लंकाबाई पुढे चालत होत्या. वाटेत तीनदा मला पेटी खाली ठेवावी लागली. तिन्ही वेळा त्या थांबल्या, पण वळून पाहिलं नाही.

घरात पेटी जागेवर ठेवली. त्यांनी सुतळी सोडली, वर ठेवलेला कोयता काढला, धोतरात गुंडाळला आणि पुन्हा तळाशी ठेवला. मग हंड्यातून तांब्या भरला आणि माझ्यापुढे केला. पाणी निवळ होतं. कोनाड्यात तुरटीचा खडा होता तिथेच होता. मी उभ्याउभ्या पाणी प्यालो.

सोमवारी मी आबासाहेबांच्या खोलीत जाऊन बसलो, या खेपेला बाकावर. कायम करायच्या कागदावर सही होईपर्यंत उठलो नाही. पथक आलं तेव्हा मखमलीच्या खळग्यात टबातले खडे काचेच्या वाटीत ठेवले होते आणि पुढे नवी पाटी होती. नगरच्या कोरणाऱ्याने मला दोनदा विचारलं होतं की मजकूर असाच हवा का. मी हो म्हणालो.

‘तुरटी. कै. रामहरी सर व सहादेव यांनी शाळेत वाढविलेल्या स्फटिकाचा अवशेष. यास फ्लोराईट ठरविणारे : प्रा. रंगनाथ शेवाळे. पाणी निवळ असल्याचे अचूक निरीक्षण : लंकाबाई ढाकणे.’

त्या पाटीला आता वर्ष होईल. सहादेव निवृत्त झाले, तरी अधूनमधून फोन करतात. लंकाबाई दालनातले सगळे दगड आता कोरड्या फडक्याने पुसतात, असं ते सांगतात. पाटीवर मात्र रोज चिंच फिरवतात. त्यामुळे पितळ काळं पडलेलं नाही आणि माझं नाव दारातूनही वाचता येतं.